न्याहारीच्या गडबडीत

११ डिसेंबर

प्रिय धाकटे,

सात महिने गप्प राहिले, माफ कर. 'उत्तर द्यायचं राहून गेलं' असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. राहून गेलं नाही, मी ते टाळलं. तुझं पत्र मे महिन्यात आलं तेव्हापासून माझ्या ऑफिसच्या खणात, शिक्क्याच्या पॅडखाली आहे. तो खण मी दिवसातून दहा वेळा उघडते.

एका ओळीचं पत्र. ना मायना, ना तारीख. "ताई, त्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात नेमकं काय करत होतात?" अक्षर ओळखूच आलं नाही. डाव्या हातानं लिहिलंयस हे कळायला मला दोन दिवस लागले. आणि कळल्यावर आधी काय वाटलं सांगू? राग आला. दहा वर्षं आपण जावा म्हणून एका ओट्यावर काढली, आणि तू मला उलटतपासणीतला प्रश्न पाठवतेस.

आज लिहायला बसायचं कारण वेगळंच आहे. काल सासूबाई म्हणाल्या, "यंदा एक तारखेला तो ट्रे कर. गेल्या वर्षी सगळे कोरडे टोस्ट चावत बसलो होतो, दवाखान्यात बसल्यासारखे."

मी म्हटलं, "आई, तो तिचा होता. मला प्रमाण ठाऊक नाही."

"त्यात कसलं आलंय प्रमाण! शिळा पाव, अंडी, दूध. आळशी बायकांचं खाणं आहे ते. तुला जमेल."

शेवटची दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. तू असतीस तर फ्रिजआडून माझ्याकडे बघून डोळा मारला असतास.

तुझं लग्न झाल्यावरची पहिली एक तारीख आठवते. वर्षाचा पहिला दिवस, सगळ्यांना सुट्टी, नणंदबाईंचं कुटुंब आलेलं, घरात बारा माणसं. तू आदल्या संध्याकाळी बेकरीतून दोन दिवसांचे उरलेले पाव घेऊन आलीस आणि माझा सगळ्यात मोठा ट्रे मागितलास. सासूबाई म्हणाल्या, "बेकरीवाली आता आम्हाला शिळं खायला घालणार." तू म्हणालीस, "आई, वर्षभर मी पावासाठी पहाटे तीनला उठते. एक दिवस पावानं माझ्यासाठी उठावं." घरात कोणी हसलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन हसले. तेव्हाही मी आडच होते, बघ.

तुझी खारू मजेत आहे. चौथीत गेली. गालात खाऊ साठवून ठेवायची सवय अजून गेली नाही, त्यामुळे ते नावही सुटलं नाही. माझ्याच खोलीत झोपते. हे तुला कोर्टानं ठरवून दिलेल्या दर पंधरा दिवसांच्या भेटीत तीच सांगत असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी न्याहारीच्या गडबडीत होते. खारूच्या ताब्यासाठी कोर्टातर्फे समुपदेशक बाई घरी आल्या होत्या, त्यांनाही हेच सांगितलं होतं. त्यात बदल नाही.

बारा माणसांच्या ट्रेला दूध किती घ्यायचं, तेवढं कळवशील का?

तुझी ताई


१९ डिसेंबर

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. येणार नव्हतंच. तू विचारलंस काय आणि मी तुला विचारलं काय! पत्र पेटीत टाकलं. पेटीत हात जात असता तर काढून घेतलं असतं.

ट्रे मी आठवून केला. शनिवारी संध्याकाळी, रंगीत तालीम म्हणून अर्धाच. तुझ्या पद्धतीतली पहिली गोष्ट मी विसरले, मग आठवली: ताजा पाव चालत नाही, त्याचा लगदा होतो. म्हणून गुरुवारी पाव आणून, चौकोनी तुकडे करून दोन दिवस परातीत उघडे वाळत ठेवले. शनिवारी ट्रेला लोणी चोळलं. कांदा आणि ढोबळी मिरची परतून गार केली. पाव, भाजी, किसलेलं चीज, पुन्हा पाव. चार अंडी दुधात फेटली, मीठ, मिरपूड, चिमूटभर मोहरीची पूड. ते वरून ओतलं आणि तू करायचीस तसं तळव्यानं दाबलं, वरचे तुकडे बुडेपर्यंत. दूध मोजलंच नाही. पाव पितो तेवढं घातलं. वर फॉइल लावून रात्रभर फ्रिजमध्ये.

खारू शेजारी उभी राहून चीज पळवत होती. म्हणाली, "मोठी आई, हा तर झालाच की. आता उद्या काय करायचं?"

"उद्या काही नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा."

"बस?"

"बस."

तिला ते फार आवडलं. उड्या मारत जाऊन सासूबाईंना सांगून आली की उद्या आपल्याला काहीच काम नाही. सासूबाई म्हणाल्या, "आईवर गेलीय." खारूला ते शाबासकीसारखं वाटलं. मी तिचा समज तसाच राहू दिला.

रविवारी सकाळी मी घड्याळ लावलं. माझा धंदाच तो. परीक्षा विभागात फेरतपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं झाली. दुसऱ्यानं केलेली बेरीज मी पुन्हा केल्याशिवाय सोडत नाही. तर ही बेरीज: आदल्या संध्याकाळी एक तास दहा मिनिटं. सकाळी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला, एक मिनिट. ओव्हन लावला, ट्रे आत सरकवला, एक मिनिट. अर्ध्या तासानं फॉइल काढलं, एक मिनिट. सुरी खुपसून बघितलं, बाहेर काढला, एक मिनिट.

चार मिनिटं. बाराजणांसाठीही चारच. ट्रे मोठा झाला म्हणून बटण जास्त वेळा फिरवावं लागत नाही.

समुपदेशक बाईंनी माझं वाक्य फॉर्मवर जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. "मी न्याहारीच्या गडबडीत होते, माझं लक्ष नव्हतं." माझ्यासमोर वाचून दाखवलं, खाली माझी सही घेतली. भल्या बाई होत्या. बारा माणसांची न्याहारी म्हटल्यावर त्यांनीच मान डोलावली, "हो ना, त्या वेळी कुठे कोणाकडे बघायला होतं!" त्यांनी विचारलं नाही न्याहारीला काय होतं ते. विचारलं असतं तर? मी इतक्या वेळा हा प्रश्न स्वतःला घातलाय की आता त्या बाईंनी तो विचारलाच नाही याचाच राग येतो.

तू मात्र बरोबर तोच विचारलास. तो ट्रे तुझा होता. त्या सकाळी स्वयंपाकघरात कोणालाही गडबड असणं शक्य नव्हतं, हे जगात दोघींनाच ठाऊक.

तर पहिली दुरुस्ती. गडबड नव्हती. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. हातात चहा होता. मांडीवर पुरवणी, तिच्यातलं शब्दकोडं. दहा आडवं अडलं होतं.

एवढंच विचारलं होतंस ना? मिळालं उत्तर.

ताई


२७ डिसेंबर

प्रिय धाकटे,

'मिळालं उत्तर' असं लिहून मी मागच्या पत्राला कुलूप लावलं. दोन दिवस बरंही वाटलं. एखाद्या विद्यार्थ्याचे तीन गुण वाढवून दिले आणि पेपरातलं अख्खं पान तपासायचं राहिलंय हे दडवलं, तर जे बरं वाटेल ते.

काल भाऊजी स्वयंपाकघरात आले. मी भांडी लावत होते. स्टूल ओढून बसले. तेच स्टूल.

"वहिनी, नऊ तारखेला कोर्टात तुम्हाला बोलावतील. शेवटचीच तारीख आहे. घाबरायचं काही कारण नाही. लिहून दिलंय तेच म्हणायचं."

"आणि न्याहारीला काय होतं असं विचारलं तर?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग हसले. "ऑम्लेट म्हणा. बारा ऑम्लेटं म्हटल्यावर गडबड होणारच की."

धाकटे, मला वाटत होतं ते दोघींनाच ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. सोळा महिने माझं वाक्य ते सांभाळून वापरत होते आणि ते कुठे फाटकं आहे हेही त्यांनी बघून ठेवलं होतं.

ह्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. पेपर खाली न घेता म्हणाले, "अगं, दोघांच्या भांडणात आपण पडायचं नाही. माझा भाऊ आहे तो."

"आणि ती कोण होती आपली?"

"ती गेली ना आता."

"गेली नाही. तिचा मनगटात हात मोडला आणि ती दवाखान्यातून माहेरी गेली."

"तू पाहिलंस?" त्यांनी पेपर खाली घेतला. "तूच तर म्हणतेस पाहिलं नाही म्हणून."

माणूस वाईट नाही गं. पण बरोबर कुठे बोट ठेवायचं ते ह्या घरातल्या पुरुषांना कळतं.

आता लिहिते. वळणं न घेता.

वीस मिनिटं झाली होती ट्रे आत जाऊन. बाकी सगळे बाहेरच्या खोलीत. तू ओट्याला टेकून मला सांगत होतीस की मालक नवं दुकान काढतायत आणि ते तुझ्या हातात देणार आहेत, तू हो म्हटलंयस. मी म्हटलं, "भाऊजींना विचारलंस?" तू म्हणालीस, "सांगेन की. विचारायचं काय त्यात?" भाऊजी दारात होते. "कोणाला विचारून?" म्हणाले. तू म्हणालीस, "पाव कोणाला विचारून फुगतो?" मी हसले. ह्या वेळी न्हाणीघरात जाऊन नाही, तिथेच, तोंडावर. मला वाटतं त्या हसण्यानंच त्यांचं डोकं फिरलं. असं लिहून मी त्यांचा भार हलका करत नाही ना? करत असेन तर हे वाक्य खोड.

त्यांनी तुझा उजवा हात मनगटाशी धरला, पाठीमागे पिरगाळला आणि तुला फडताळाच्या चौकटीवर ढकललं. हात तुझ्या पाठीमागे होता, आणि चौकटीवर तोच आधी आदळला. आवाज मी ऐकला. तू ओरडली नाहीस. 'आं' एवढंच म्हणालीस, कोणीतरी चुकीचा पत्ता सांगितल्यासारखं. टेबलाला धक्का बसून दुधाचं भांडं पडलं ते त्यानंतर. नंतर. सगळे म्हणतात दूध सांडलं होतं म्हणून तू घसरलीस. दूध तुझ्यामागून सांडलं.

मी चार फुटांवर होते. कप माझ्या हातातच होता. मी त्या क्षणी काय केलं, माहितीय? ओव्हनच्या घड्याळाकडे बघितलं. पंचवीस मिनिटं उरली होती. का बघितलं ते मला आजही सांगता येत नाही.

आणि आता जे तुलाही कदाचित ठाऊक नाही ते. दवाखान्यात नेल्यावर भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं की ती घसरली, असं तू धरून चालली असशील. त्यांनी सांगितलं खरं, पण तो शब्द त्यांचा नाही. आवाज ऐकून खारू दारात आली होती. सात वर्षांची, हातात एकच मोजा. "काय झालं?" म्हणाली. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता, त्यांच्या तोंडून काही फुटत नव्हतं. मी स्टुलावरून उठले, तिच्या आणि तुझ्यामध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "काही नाही राणी, आई घसरली. बाहेर जा बघू."

भाऊजींनी माझ्याकडे वळून बघितलं. बुडणाऱ्यानं काठावरच्याकडे बघावं तसं. मग तेही म्हणाले, "हो, घसरली."

घरातल्या सगळ्यांनी तेच उचललं. मी दिलेलं.

त्या दिवसाची डायरी काल काढून बघितली. रोज पानभर लिहिणारी मी. त्या पानावर दोन ओळी आहेत. "ट्रे छान झाला. धाकटी घसरली." तुला ते दोघे भाऊ घेऊन गेले, मग ओव्हनची घंटी वाजली, आणि उरलेल्या माणसांनी न्याहारी केली, धाकटे. मी वाढली. नणंदबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. मी डायरीतसुद्धा खोटं लिहिलं, जी कोणी वाचत नाही. कोणासाठी लिहिलं?

ताई


३१ डिसेंबर, संध्याकाळ

प्रिय धाकटे,

ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवला. पूर्ण मापाचा. आठ अंडी लागली. फेटायचं काम खारूनं केलं.

फेटता फेटता म्हणाली, "आईला आता हे करता येत नाही. तिची दोन बोटं मिटतच नाहीत. ती काउंटरवर बसून पावती फाडते, तीपण डाव्या हातानं."

"तुला तिनं सांगितलं?"

"मी बघते ना. परवा बागेत ती माझा हात धरायला आली तर मी म्हटलं, नको, तू पडशील आणि मलाही पाडशील."

माझ्या हातातली किसणी थांबली. "असं म्हणालीस?"

"मग? ती सारखी घाईत असते. म्हणून तर घसरली ना तेव्हा. कोर्टातल्या मॅडमनं मला विचारलं होतं, तर मी सांगितलं की मी काही पाहिलं नाही, पण मोठी आईनं पाहिलं आणि मोठी आई म्हणाली आई घसरली. मोठी आई खोटं बोलत नाही, असंपण सांगितलं." मग वाडगा पुढे केला. "फेस आला. बास?"

मी म्हटलं, "बास."

त्या मॅडमच्या, म्हणजे समुपदेशक बाईंच्याच, कागदावर माझं म्हणणं आहे की मी काही पाहिलं नाही. त्यांच्याच दुसऱ्या कागदावर खारूचं म्हणणं आहे की मी पाहिलं. हे दोन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवून वाचले नाहीत. माझ्या टेबलावर असं झालं असतं तर मी संबंधिताला मेमो काढला असता.

आज मला तुला एक गोष्ट सांगायचीय आणि ती मी तीनदा लिहून खोडली. तुला वाटत असेल ताई घाबरली. सासूबाईंना घाबरली, दिराला घाबरली, नवऱ्यापुढे बोलता येत नाही तिला. मीही बरेच दिवस तसंच धरून चालले. भित्रेपणाची लाज वाटते, पण ती सोसवते. लोक भित्र्या माणसाला माफ करतात.

खरं असं आहे की तू गेल्यावर पहिल्या आठवड्यात खारू रात्री रडत माझ्या पांघरुणात आली. हे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले, ते कायमचेच. तिची वेणी मी घालते. तिचे दात पडले ते माझ्या बांगड्यांच्या डबीत आहेत. 'मोठी आई' म्हणायला तिला कोणी शिकवलं नाही; एकदा शाळेच्या फाटकात तिनं मैत्रिणीला सांगितलं, "ही माझी मोठी आई," आणि मी घरी येईपर्यंत रस्त्यातली एक पाटी वाचू शकले नाही. तुला माहीतच आहे आम्हाला मूल का नाही. तुलाच एकटीला सांगितलं होतं.

समुपदेशक बाई आल्या तेव्हा तिला माझ्या खोलीत येऊन आठ महिने झाले होते. मी सही केली तेव्हा मला नीट कळत होतं की 'पाहिलं' म्हटलं तर मुलगी जाईल आणि 'लक्ष नव्हतं' म्हटलं तर राहील. बाईंनी शेवटी विचारलं, "मुलगी इथे सुखात आहे?" तेव्हा मात्र माझं लक्ष होतं. मी म्हटलं, "फार."

मी तुझी मुलगी ठेवून घेतली, धाकटे. भाऊजींनी तुझा हात मोडला, आणि त्याचा उपयोग मी केला.

हे वाचून तुला काय वाटेल याची कल्पना करत बसायचा मला हक्क नाही. माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल. आत्तापर्यंत पुष्कळ घेतलंय.

आणि तरी, एवढं सगळं लिहूनही, नऊ तारखेला मी काय बोलणार हे मला आत्ता, ह्या मिनिटाला ठाऊक नाही. खारू पलीकडे गाणं म्हणत पेन्सिलींना टोक काढतेय. ती आहे तोवर मला माझा भरवसा नाही.

ताई


१ जानेवारी, दुपार

प्रिय धाकटे,

कालचं पत्र टाकलं नाही. ह्याच्याबरोबरच जाईल.

सकाळी साडेसातला ट्रे बाहेर काढला, आठला ओव्हनमध्ये घातला. नणंदबाई, त्यांचे मिस्टर, मुलं, सगळे आले होते. मी स्टुलावर बसले. खारू माझ्या पायाशी ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसली होती, सिनेमा बघावा तशी. "फुगतोय, फुगतोय!" म्हणून दर दोन मिनिटांनी बाहेर बातमी देऊन यायची.

नऊला सगळे टेबलाशी. ट्रे मध्यभागी ठेवला. वरून खरपूस, कडेला चीज करपून काळी रेघ आलेली, तुझा यायचा तसाच. सासूबाईंनी पहिला घास घेतला. "मऊ झालाय. तिचा जरा जास्त गच्च असायचा." ह्या घरात त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा तुझा उल्लेख चांगल्या बाजूनं केला, किंवा वाईट, त्यांचं कळत नाही.

नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बसा की आता. सकाळपासून पायांवर असाल."

भाऊजी खाता खाता म्हणाले, "वहिनींचं असंच असतं. एक तारीख आली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते." आणि माझ्याकडे बघितलं. मला आठवण करून देत होते. नऊ तारखेची तालीम, जेवणाच्या टेबलावर, साक्षीदारांसमोर.

खारूचे दोन्ही गाल भरलेले. तशीच म्हणाली, "छे! मोठी आई तर नुसती बसली होती. हिला सकाळी काहीच काम नसतं. सगळं ओव्हनच करतो."

"तोंडात घास असताना बोलू नये," भाऊजी म्हणाले.

"पण खरंच! मी बघितलं ना. चहा प्यायली आणि कोडं सोडवलं."

टेबलावर कोणाला काही कळलं नाही. नणंदबाईंचे मिस्टर हसले, "हीच खरी सुट्टी!" भाऊजींचा काटा मात्र ताटलीवर थांबला होता. ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, माझ्या तोंडात तयार असलेलं वाक्य शोधत होते. सापडलं. जिभेवर आलं. 'अगं, तुला काय माहीत, मी पहाटे पाचला उठलेय.' एवढं म्हटलं असतं तर खारू चूप बसली असती. मोठी आई खोटं बोलत नाही ना.

मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं. बसलेच होते. ह्या ट्रेला सकाळी चार मिनिटांचं काम असतं. दोन वर्षांमागेही चार मिनिटांचंच होतं. तेव्हाही मी बसलेच होते, आणि मला सगळं दिसत होतं."

"वहिनी," भाऊजी म्हणाले.

"ती घसरली नव्हती."

"वहिनी, मुलीसमोर..."

आणि बघ, धाकटे, माझी जात बघ. मुलगी समोर आहे हे ऐकलं आणि मी खारूकडे वळून म्हटलं, "राणी, तू बाहेर जा बघू. भावंडांना घेऊन अंगणात खेळ." तेच शब्द, तोच आवाज. ती गेली. दारात थांबून एकदा वळून बघितलं तिनं, मग गेली. तिनं किती ऐकलं, काय समजली, मला माहीत नाही.

पुढचं लांबवत नाही. भाऊजी ओरडले. नंतर गयावया केली, ते जास्त वाईट होतं. सासूबाई म्हणाल्या, "ह्या घरचं अन्न खाऊन ह्या घराला..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ट्रेकडे बघत बसल्या. ह्यांनी एकच विचारलं, "कोर्टात हेच सांगणार?" मी हो म्हटलं. "मग खारू जाईल." मी पुन्हा हो म्हटलं. हे उठून बाहेर गेले. जाताना माझ्या खांद्याला हात लावला की टेबलाला आधारासाठी, ठरवता आलं नाही.

मी बाकीच्यांच्या ताटल्या उचलल्या नाहीत. माझी तेवढी धुतली.

जबाब लिहून ह्या पाकिटात घातलाय. तीन पानं आहेत, प्रत्येकावर सही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जे तोंडानं म्हटलं ते वेगवेगळं लिहिलंय. 'आई घसरली' हे प्रथम मी म्हणाले, हेही त्यात आहे. तुझ्या वकीलबाईंना दे. नऊ तारखेला मी येईनच. पण मी आयत्या वेळी कच खाल्ली तर कागद तरी तुझ्या हातात असावा.

एक शंका सुटत नाही ती लिहून ठेवते. मी हे स्वतःहून बोलले का? एका नऊ वर्षांच्या मुलीनं तोंडात घास असताना मला पकडलं, म्हणून बोलले. ती गप्प बसली असती तर? माझ्या डायरीत आज काय लिहिलं असतं? तू मला मोठ्या मनाची समजायला लागशील, अशी भीती नाही. पण चुकून तसं वाटलं तर हा परिच्छेद पुन्हा वाच.

खारू दुपारी खोलीत आली. पुस्तक उघडून बसली, पान उलटलं नाही. "तू मला बाहेर का पाठवलंस?" म्हणाली. मी म्हटलं, "मोठ्यांचं बोलणं चाललं होतं." तिनं मान हलवली. पटल्याची नव्हती ती.

कोर्टाला सांगायचं झालं. तुला सांगून झालं. एकीला राहिलं. तिला शाळेत सोडायला मीच जाते; वीस मिनिटांची वाट आहे, मध्ये बाक आहे.

उद्या: खारूला सांगणे की आई घसरली नव्हती.